लिफ्ट मागत आईच्या गावाला

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या घरात जेवताना चंबळेचं नाव काढायचं नाही, असा एक न बोललेला नियम होता. ग्वाल्हेरपासून ती नदी काही फार लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या चहाला माणूस घरी परत येईल. तरी तिशी ओलांडेपर्यंत मी ती पाहिली नव्हती, कारण आईचं लहानपण तिच्याच काठावर गेलं होतं.

दक्षिणेतून घोड्यावर बसून आलेल्या शिपायांचं आमचं घराणं. पुढे घोडे गेले, नोकऱ्या आल्या. आईचे वडील शाळामास्तर झाले आणि त्यांची बदली झाली ती मुरैन्याच्या पलीकडे, अंबाहच्याही पुढे, उसैद घाटाजवळच्या एका गावात. आई तिथंच वाढली. ती नऊ वर्षांची असताना थंडीतल्या एका पहाटे आजोबांनी तिला उठवलं, बैलगाडीत घातलं, वर गोधडी टाकली आणि सांगितलं, डोकं वर काढू नकोस. तिनं गोधडीच्या फटीतून पाहिलंच. गाडीच्या दोन्ही बाजूंना तोंडं झाकलेली, बंदुका घेतलेली माणसं चालत होती. कुणी बोलत नव्हतं. डाव्या चाकाजवळचा एक जण मात्र सारखा खोकत होता. उजाडल्यावर ती माणसं दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर आजोबांनी मरेपर्यंत त्या गावाचा विषय काढला नाही.

डाकू आपल्याला पळवून नेत होते आणि काहीतरी देऊन आजोबांनी सुटका करून घेतली, असं आईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारायची तिची हिंमत झाली नाही. साठीला पोहोचली तरी बाहेर कुणी खोकलं की तिचा हात दाराच्या कडीकडे जातो. शेजारच्या काकांना दमा आहे, त्यामुळे आमच्या कडीला कधी गंज चढला नाही.

आणि तिच्या पोटी मी जन्मले, जिला परक्या माणसाच्या गाडीत बसून अनोळखी गावाला जाण्यात सुख वाटतं! इंदूरला कॉलेजात भूगोल शिकवते आणि सुट्टी लागली की रस्त्यावर उभी राहते. असंच कच्छ झालं, हिमाचल झालं. या उन्हाळ्यात काश्मीरपासून खाली कन्याकुमारीपर्यंत जायचं ठरवलं. जानेवारीत घरी गेल्यावर आईला सांगितलं आणि ती जेवेनाशी झाली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती जेवत नसली की माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.

तिसऱ्या दिवशी तिनंच तोंड उघडलं. "ऐक, आधी माझ्या गावाला जाऊन दाखव. अशीच, कोणाच्याही गाडीत बसून. तिथून सही-सलामत घरी आलीस ना, मग कश्मीर जा नाहीतर कुठंही जा, मी एक शब्द नाही बोलणार. पण मधूनच फोन आला की आई, घ्यायला ये, तर मग किस्सा खतम. हे उन्हाळ्याचं सगळं कॅन्सल."

मी घाबरून माघार घेईन, असा तिचा हिशेब होता. मी पिशवी भरायला घेतली. माझे नियम तिला पाठ होते. उजेड असेपर्यंतच प्रवास करायचा. गाडीत पाय ठेवण्याआधी तिचा नंबर आईला पाठवायचा. आणि मन नको म्हणालं की गाडी कितीही चांगली असली तरी बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दशम्यांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला, जोरात ठेवला, आणि आत निघून गेली.

पुरानी छावनी

जानेवारीतलं धुकं आमच्याकडे सकाळी सकाळी शहरच काढून घेतं. ऑटोवाल्यानं मला मुरैना रोडवर पुरानी छावनीला सोडलं तेव्हा किल्ला नव्हता, रस्ता नव्हता, नुसते पिवळे दिवे तरंगत येत होते आणि जवळ आल्यावर त्यांचे ट्रक होत होते. अशा वेळी हात दाखवला तरी दिसणार कुणाला? मी आईची लाल शाल पिशवीतून काढून पांघरली, आणि तिनंच काम केलं.

थांबला तो एक छोटा टेम्पो. मागे रिकामे पत्र्याचे डबे, पुढे नवरा-बायको. मुरैन्याला त्यांचं गजकचं, म्हणजे तिळगुळाच्या मिठाईचं, दुकान होतं. बाईनं मला आपल्या आणि खिडकीच्या मधे ओढून घेतलं, माझे गार हात स्वतःच्या शालीत घेतले आणि मग चौकशी सुरू केली. "अकेली काए निकरी हो? घर में कोऊ नाहीं?"

"आई आहे" असं मराठीतच तोंडातून गेलं. मग हिंदीत सगळं सांगितलं. नवरा हसायला लागला. बाई हसली नाही. ती म्हणाली, तुझी आई बरोबर आहे, आणि तूही निघालीस ते बरं केलंस. दोन्ही कसं बरोबर, हे विचारेपर्यंत मला डुलकी लागली. परक्यांच्या गाडीत मला विलक्षण झोप येते. कधी डोळे उघडले तर बाहेर धुक्यात मोहरीची शेतं होती, म्हणजे नुसता पिवळेपणा होता, खाली जमीन नाही आणि वर आभाळ नाही. मी कुठं आहे हे कळत नव्हतं आणि कळायची घाईही नव्हती. डबे मागे हलके वाजत होते. या एका गोष्टीसाठी मी रस्त्यावर उभी राहते, असं मला त्या अर्धवट झोपेत अगदी स्पष्ट वाटलं.

मुरैना

मुरैन्यात उतरल्यावर स्वप्न मोडलं. अंबाहच्या फाट्यावर मी उभी राहिले, आणि एका मोटरसायकलवरचे तिघे माझ्यासमोरून गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा येताना त्यांनी वेग कमी केला आणि एकानं गाणं म्हटलं. दिवसाढवळ्या, भर रस्त्यात. इथून पुढचा रस्ता बीहडातला, मातीच्या घळींतला, हे मला नकाशावरून ठाऊक होतं. मी पिशवी उचलली आणि सरळ त्या बाईचं गजकचं दुकान गाठलं.

आत भट्टीची ऊब होती. दोन माणसं तीळ आणि गुळाच्या गोळ्यावर लाकडी हातोडे मारत होती, एकाचा वर गेला की दुसऱ्याचा खाली. माझ्या हातात फोन होता आणि फोनवर आईचा नंबर. अंगठा नुसता टेकवायचा, की ती ओळखीच्या ड्रायव्हरला घेऊन दुपारी इथं हजर झाली असती. काश्मीर राहिलं असतं बाजूला. जे वाटलं ते सांगते : त्या घटकेला मला काश्मीर नको होतं, माझी आई हवी होती.

बाईनं कागदावर गरम गजक ठेवून माझ्यापुढे सरकवली. "खाय लेओ पहलें. डर भूखे पेट जादा लगत है." ती इतकी खुसखुशीत होती की दाताखाली आधी आवाज झाला आणि चव मागून आली. आमच्याकडे संक्रांतीला आई करते ती तिळाची वडी चांगलीच, पण त्या वडीशी दातांना भांडावं लागतं. मी फोन पिशवीत टाकला.

तेवढ्यात दुकानासमोर एक जुनी जीप थांबली. त्यातून मफलरनं तोंड गुंडाळलेला एक उंच म्हातारा उतरला. खांद्यावर दुनळी बंदूक. त्या भागात लोक बाजाराला जातानाही बंदूक अडकवतात, आपण छत्री न्यावी तशी, हे मी ऐकून होते. तरी मी दोन पावलं भट्टीकडे सरकले. दुकानदारीण मात्र त्याला पाहून खुलली. "लेओ, तुमाओ काम है गओ. जे बई घाट वाले गाम के हैं. जिनके संग चली जाओ, आँख मूँद के."

म्हातारा आईच्याच गावचा निघाला. मन काय म्हणतंय, हे तपासून पाहिलं. मन म्हणत होतं, बाईवर विश्वास ठेव. मी जीपचा नंबर आईला पाठवला आणि बसले. जीप सुरू झाली आणि म्हातारा खोकला.

अंबाहच्या पुढे

अंबाहनंतर धुकं फाटत गेलं आणि जमीनही. सपाट मोहरीच्या शेताच्या कडेला एकदम माती खचलेली, आत घळ, घळीत दुसरी घळ, सगळी फिक्या पिवळ्या मातीची, मधे काटेरी झुडपं. आईच्या गोष्टीतला बीहड काळा होता. हा उन्हात झोपलेला होता आणि त्याच्या अंगावरून मोर चालले होते.

"गाम में किनके घरै जाय रई हो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"किसी के नहीं. मेरे नाना वहाँ स्कूल में थे, बहुत पहले. दक्षिणी थे."

जीपचा वेग कमी झाला. "दक्षिणी मास्साब?" त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम बा मोड़ी की मोड़ी हो? जो इमली पे चढ़ जात हती?"

मोड़ी म्हणजे तिकडे मुलगी. माझी आई, जी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढत नाही, ती चिंचेवर चढायची! मी हो म्हणाले, कारण त्या गावात दुसरे दक्षिणी, म्हणजे मराठी, मास्तर असणं शक्य नव्हतं. त्यानं जीप कडेला लावली, उतरून माझ्या बाजूला आला आणि बंदूक बोनेटवर ठेवली. मी पिशवी छातीशी धरली. आणि त्या सहा फुटी, पांढऱ्या मिशांच्या माणसानं वाकून दोन्ही हात माझ्या पायांना लावले, मग ते कपाळाला टेकवले.

"तुम तो हमाई भानजी भईं," तो म्हणाला. "हम भूरे. भूरे मामा."

आपल्याकडे मामा दिसला की आपण वाकतो. चंबळेकाठी उलटं आहे. तिथं भाची पूज्य, मामा तिच्या पाया पडतो, आणि गावची लेक ही सगळ्या गावाची बहीण असल्यामुळे तिची मुलगी सगळ्या गावाची भाची. हे मला त्या दिवशी फार नीट कळलं, कारण गावात पोहोचल्यावर चौथऱ्यावर बसलेले म्हातारे एकेक करून उठले आणि माझ्या पायांकडे यायला लागले. मी मागे मागे सरकत भिंतीला टेकले.

मामांच्या घरी मामींनी चुलीसमोर बसवून जेवायला घातलं. बाजरीची भाकरी, बथुआ म्हणजे आपला चाकवत, त्याची पालेभाजी, गूळ आणि वाडगाभर मठ्ठा. भाकरी आपल्यासारखीच हातावर थापलेली, पण इतकी जाड की एकीत माझं पोट भरलं. दुसरी न मागता ताटात पडली. मी दशम्या काढल्या, तर मामींनी त्या प्रसादासारख्या तुकडे करून घरोघरी पाठवल्या. शाळा आता पक्की झाली आहे. चिंच आहे तिथंच आहे.

दुपारी भूरे मामा मला घाटावर घेऊन गेले. थंडीच्या दिवसांत तिथं नदीवर मोठमोठे लोखंडी पिंप ओळीनं बांधून, वर फळ्या टाकून पूल करतात. पावसाळ्यात काढून ठेवतात. त्याला म्हणतात पीपे का पुल. मोटरसायकल गेली की तो सगळा अंगानं हलतो. मी मध्यावर जाऊन उभी राहिले. खाली पाणी इतकं निळं आणि स्वच्छ की ज्या नदीच्या नावानं आमच्या घरात घास अडकायचा ती हीच, हे पटेना. पलीकडे पिनाहटच्या बाजूला वाळूत दोन घडियाल मगरी लांब तोंडं उघडी टाकून पडल्या होत्या. पायाखाली फळ्या वरखाली होत होत्या. आईला हे कुणी दाखवलंच नाही, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

"बा कच्चो रस्ता दिखात है?" मामांनी घळीतून वर जाणारी एक वाट दाखवली. "बई से निकारी हती मास्साब की गाड़ी."

"आपने निकाली थी?" मी विचारलं. त्यांना वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे. मला माहीत नाही हे कळल्यावर ते पुलाच्या दोराला धरून खाली बसले आणि त्यांनी सांगितलं. डाकूंची नजर आजोबांवर होती. त्यांना उचलून नेऊन पैसे मागणार, अशी खबर गावाला लागली. गावानं ठरवलं, मास्तर गेले तर शाळेची बदनामी नाही, गावाची होईल. म्हणून पहाटे गाडी जोडली. "गाम के लोग संग चले, बंदूकें लैके. हमाई उमर पंद्रह की हती. निमोनिया से उठे हते, खाँसी रुकतई नाहीं हती. बापू बार बार कहें, मुँह में गमछा ठूँस लै."

"आप गाड़ी के किस तरफ थे?" मी विचारलं.

"बाएँ पहिया के संग."

आजोबा गप्प का राहिले, तेही कळलं. कुणी सोडवलं हे बाहेर फुटलं असतं, तर डाकूंनी त्या घरांवर सूड उगवला असता. गावानं आजोबांकडून शपथ घेतली होती की या गावाचं नाव पुन्हा काढायचं नाही. त्यांनी ती इतकी पाळली की स्वतःच्या मुलीलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलीस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना माझ्या हातून घोटाळा झाला. सगळे अंगणात जमले होते. मी पिशवी खांद्याला लावली आणि लहानपणापासूनची सवय, काही विचार न करता, खाली वाकून भूरे मामांच्या पायांना हात लावला.

मामा विंचू चावल्यासारखे मागे उडाले. मामींनी तोंडावर पदर घेतला. "हाय राम, भानजी ने पाँव छू लए!" भाचीनं मामाच्या पाया पडणं म्हणजे मामाच्या डोक्यावर पाप. मामांनी घाईनं दोनदा माझ्या पायांना हात लावला, तरी समाधान होईना. एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं तोडगा काढला : आता हिला रस्त्यावर सोडायचं नाही, मामानं स्वतः तिच्या आईच्या दारापर्यंत पोहोचवायचं, तर पाप फिटेल.

मला लिफ्टनंच परतायचं आहे, अशी शर्त आहे, हे मी सांगून पाहिलं. भूरे मामा जीपमध्ये बसून म्हणाले, "तो मांगो लिफ्ट." मी जीपसमोर रस्त्यात उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर हात दाखवला.

कंपू

आमच्या दारात जीप थांबली तेव्हा दुपार होती. मी फाटक उघडलं. मागून मामा उतरले, मफलर तसाच तोंडावर, बंदूक खांद्यावर, आणि उतरताना खोकले.

दार किलकिलं होतं. फटीत आईचा चेहरा होता आणि कडीवर तिची पांढरी पडलेली बोटं. "कौन है?" असं तिनं विचारलं, पण आवाज तिचा वाटला नाही.

मामांनी मफलर सोडला. "बैन, हम भूरे. तुमाई गाड़ी के बाएँ हते."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिथंच फाटकात उभी राहून सगळं सांगितलं, शपथेसकट. सांगताना मलाच हुंदके येत होते. आईनं कडी सोडली, दार पूर्ण उघडलं आणि पायऱ्या उतरून ती मामांसमोर आली.

"खाँसी अभी तक नहीं गई?" तिनं विचारलं.

मामा हसायला गेले आणि त्यांना आणखी खोकला आला. आई पळत आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मामांनी हात जोडले. "बैन के घर को पानी नाहीं पीत." तिकडे भाऊ लग्न झालेल्या बहिणीच्या घरचं पाणीही घेत नाही.

"मालूम है मुझे," आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "मैं देख रही थी, भूले तो नहीं. तुम्हारे घर का पानी मैं आके पीऊँगी."

पुढच्या आठवड्यात मामांनी जीप पाठवतो म्हणून निरोप दिला. आईनं साफ नाही म्हटलं. "तू गेलीस तशीच जाईन. त्यात काय मुश्किल आहे?"

म्हणून एका सकाळी, धुकं विरायच्या आत, आम्ही दोघी पुरानी छावनीला उभ्या होतो. लाल शाल आईच्या अंगावर होती. तिनं हात पुढे केला, देवळात तीर्थ घ्यायला करतात तसा, आणि एक ट्रक खरंच थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी त्याची आई बसली होती. माझं मन हो म्हणालं. आईनं चष्मा लावून मागे जाऊन नंबर पाहिला, फोन काढला आणि तिथंच थबकली.

"हा नंबर पाठवायचा कोणाला ग? घरी तर कोणीच नाही."

मग तिचं तिलाच सुचलं. तिनं एकेक अक्षर दाबत भूरे मामांना ट्रकचा नंबर पाठवला, फोन कमरेला खोचला, आणि साडीचा काठ वर घेऊन माझ्या आधी चढली.